नाव आहे, तरी रांगेत उभे राहा

साठच्या दशकात प्रोग्राम जमिनीवर सांडायचा. हे उपमा म्हणून म्हणत नाही. एका पंच कार्डावर कोडची एक ओळ, अशी पाचशे-हजार कार्डं रबरबँड लावून हातात, आणि संगणक असलेल्या खोलीकडे जाताना जिन्यात कुणाचा तरी धक्का. कार्डांवरचं एकही अक्षर पुसलेलं नसायचं, एकही भोक बिघडलेलं नसायचं. गेलेला असायचा तो नुसता क्रम. पण क्रम गेला की प्रोग्राम गेला.

यावर त्या काळच्या लोकांकडे दोन उपाय होते. पहिला अगदी घरगुती: गठ्ठा नीट रचायचा आणि त्याच्या वरच्या कडेवर मार्करनं एक तिरकी रेघ ओढायची. कार्डं विस्कटली की रेघ तुटते, आणि रेघ जुळवत गेलं की गठ्ठा जुळतो. दुसरा उपाय कार्डावरच छापलेला होता. फोरट्रान भाषेत कार्डावरचे पहिले पाच स्तंभ ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा आधीची ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी, सात ते बहात्तर कोडसाठी, आणि त्र्याहत्तर ते ऐंशी हे आठ स्तंभ कार्डाच्या अनुक्रमांकासाठी. सांडलेली कार्डं वर्गीकरणाच्या यंत्रात घालायची, ऐंशीव्या स्तंभापासून सुरुवात करून एकेक स्तंभ मागे येत जायचं, की गठ्ठा पुन्हा सरळ.

कोड बहात्तरलाच का थांबायचा? १९५७ साली फोरट्रान आलं ते आयबीएम ७०४ या संगणकासाठी. त्याचा एक शब्द ३६ बिटांचा. कार्डाची एक आडवी ओळ वाचायला तो दोन शब्द वापरायचा, म्हणजे बहात्तर स्तंभ. उरलेले आठ त्याला दिसायचेच नाहीत. यंत्राला जे दिसत नाही त्यात माणसांनी क्रम लिहून ठेवला.

ही हकीकत मला आवडते, कारण आजही बाहेरच्या एखाद्या वेब सेवेला माहिती पाठवताना नेमकं असंच काहीतरी सांडतं. सगळी फील्ड्स आहेत, सगळ्यांची नावं बरोबर आहेत, सगळ्यांत किमती बरोबर आहेत, आणि तरी पलीकडे काहीतरी पोचत नाही. फरक इतकाच की आता जमिनीवर कार्डं पडलेली दिसत नाहीत.

*

यंत्राला माहिती देताना जागेलाच अर्थ असणं, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी सवय आहे. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथनं सुमारे सव्वासहा कोटी माणसांची मोजदाद कार्डांवर केली. त्याच्या कार्डावर स्त्री-पुरुष, वय, जन्मस्थान यांच्या जागा ठरलेल्या होत्या. भोक म्हणजे फक्त ‘हो’. कशाला ‘हो’ ते भोक कुठे आहे यावरून कळायचं. हॉलरिथची कंपनी १९११ साली दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली, त्या विलीन कंपनीचं नाव १९२४ साली आयबीएम झालं, आणि १९२८ साली आयबीएमनं चौकोनी भोकांचं ऐंशी स्तंभी कार्ड आणलं. पुढची पन्नासेक वर्षं जगातला बराच हिशेब त्या ऐंशी स्तंभांत मावला.

मग कोबोल. १९५९ साली तिची आखणी सुरू झाली, ग्रेस हॉपरच्या आधीच्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता, आणि व्यापारी कामासाठी ती भाषा इतकी टिकली की बँकांत ती अजून चालते. कोबोलमध्ये प्रत्येक फील्डला छान लांबलचक नाव देता येतं. गंमत अशी की ते नाव फक्त प्रोग्रामच्या वरच्या भागात असतं, फायलीत नसतं. फायलीत नुसती अक्षरांची लड: पहिली वीस अक्षरं नाव, पुढची सहा पिन कोड, पुढची आठ जन्मतारीख. एखाद्यानं नावाला वीसऐवजी एकवीस अक्षरं लिहिली की नावाचं शेवटचं अक्षर पिन कोडमध्ये, पिन कोडचा शेवटचा आकडा जन्मतारखेत, आणि तिथून पुढे सगळा बट्ट्याबोळ.

आज हे वाचून हसू येतं, पण १९५९ सालच्या आयबीएम १४०१ची सर्वात लहान आवृत्ती १४०० अक्षरांची स्मृती घेऊन यायची. पूर्ण संगणकाची स्मृती, एका फायलीची नाही.  तिथे प्रत्येक नोंदीबरोबर ‘आडनाव’, ‘पत्ता’ अशी नावं पाठवणं म्हणजे उधळपट्टी होती. नावं माणसांकडे राहिली, यंत्राकडे जागा गेल्या.

दोन्हींच्या मधला एक सुंदर तोडगा अजून आपल्या खिशात आहे. दुकानात कार्ड लावल्यावर ते यंत्र बँकेला जो संदेश पाठवतं, त्याचा मूळ आराखडा आयएसओ ८५८३ या १९८७च्या मानकाचा आहे. त्यात फील्ड्सना नावांऐवजी क्रमांक आहेत: दुसरं फील्ड कार्ड क्रमांक, चौथं रक्कम, एक्केचाळीसावं यंत्राची ओळख. संदेशाच्या सुरुवातीला ६४ बिटांची एक पट्टी असते. ज्या क्रमांकाचं फील्ड आलंय त्याचा बिट चालू, बाकीचे बंद. म्हणजे आधी हजेरी सांगायची आणि मग फक्त हजर असलेल्यांनी क्रमांकानुसार यायचं. रकमेला बारा आकडे, पैशांत. शंभर रुपये म्हणजे दहा हजार पैसे आणि त्याआधी सात शून्यं. कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही.

*

क्रम आणि नाव यांच्यातला गोंधळ खरा सुरू झाला तो नावं परवडायला लागल्यावर.

१९८४ साली दूरसंचाराच्या जगातल्या लोकांनी एएसएन.१ नावाची एक लिपी ठरवली. तिच्यात दोन वेगळे शब्द होते. ‘सीक्वेन्स’ म्हणजे आतली फील्ड्स दिलेल्या क्रमानंच यायला हवीत. ‘सेट’ म्हणजे कशीही येऊ द्या. तुमच्या फोनमधला ब्राउझर ज्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून बँकेची साइट उघडतो ते प्रमाणपत्र याच लिपीत असतं. थोडक्यात, ‘क्रमाला महत्त्व आहे का?’ हा प्रश्न विचारायचा असतो, हे १९८४ सालीच माहीत होतं.

एक्सएमएलची पूर्वज असलेली एसजीएमएल, १९८६चं मानक, तिच्याकडेही हे होतं. एसजीएमएलमध्ये दस्तऐवजाचे नियम लिहिताना घटकांच्या मध्ये स्वल्पविराम दिला तर ‘या क्रमानं’, उभी रेघ दिली तर ‘यांतलं एक’, आणि ‘अँड’चं ते वेटोळं चिन्ह दिलं तर ‘सगळे हवेत, क्रम कुठलाही’. तीन चिन्हं, तीन अर्थ.

फेब्रुवारी १९९८मध्ये एक्सएमएल १.० आलं तेव्हा तिसरं चिन्ह गळलेलं होतं. कारण समजण्यासारखं आहे. एक्सएमएल करणाऱ्यांना एसजीएमएलचं अवजड सामान कमी करायचं होतं. एखाद्या विद्यार्थ्याला थोड्या दिवसांत वाचक प्रोग्राम लिहिता आला पाहिजे अशी त्यांची इच्छा होती. ‘क्रम कुठलाही’ हे लिहायला एक चिन्ह, पण तपासायला कटकट. तीन फील्ड्स सहा प्रकारे येऊ शकतात, दहा फील्ड्स ३६,२८,८०० प्रकारे. प्रत्येक प्रकार वेगळा मोजायची गरज नसते, कोण आलं त्याची यादी ठेवली की भागतं. पण ती यादी ठेवणारा प्रोग्राम ‘पुढचं कोण?’ एवढंच विचारणाऱ्या प्रोग्रामपेक्षा वेगळ्या घडणीचा असतो. ते चिन्ह काढल्यानं सगळं सोपं झालं. त्याची किंमत नंतर दुसऱ्यांनी भरली.

त्याच एक्सएमएलच्या मानकात एक वाक्य आहे की टॅगच्या आत लिहिलेल्या ॲट्रिब्यूट्सचा क्रम महत्त्वाचा नाही. म्हणजे एकाच टॅगच्या पोटात लिहिलं तर क्रम सुटा, आणि तीच माहिती वेगवेगळ्या टॅगांत लिहिली तर क्रम बांधलेला. तुम्ही माहिती कशी लिहिता यावर तिला रांगेत उभं राहावं लागेल की नाही ते ठरतं. यात तर्क आहे: एक्सएमएलचा जन्म कागदपत्रांसाठी झाला, आणि कागदपत्रात परिच्छेदांचा क्रम बदलला तर अर्थच बदलतो. ग्राहकाच्या पत्त्याला ही गरज नव्हती. पण पत्ताही त्याच गाडीत बसला.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मला हा सगळा इतिहास लिहावासा वाटतो. त्याच १९९८ साली डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टमधले काहीजण एक्सएमएलमधून दूरच्या यंत्रावरचं फंक्शन कसं बोलावता येईल यावर काम करत होते. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. वायनरनं लवकर प्रसिद्ध केली ती एक्सएमएल-आरपीसी: दोन-तीन पानांत मावणारी, कुणालाही कळणारी. तिच्या शेवटी प्रश्नोत्तरं आहेत, आणि त्यांत सरळ विचारलंय की रचनेतल्या नावांचा क्रम पाळला जातो का. उत्तर: नाही, दोन्ही क्रम सारखेच. विषय संपला.

दुसरी गोष्ट मे २००० मध्ये सोप १.१ म्हणून समोर आली. तिच्या पाचव्या भागात ‘स्ट्रक्ट’ची व्याख्या आहे: ज्यातले घटक एकमेकांपासून केवळ नावानं ओळखले जातात तो स्ट्रक्ट, आणि ज्यातले केवळ क्रमानं ओळखले जातात तो ॲरे. इतकी स्वच्छ व्याख्या मी फार थोड्या मानकांत पाहिलीय. आणि मग सातव्या भागात तेच मानक म्हणतं की फंक्शनला केलेली हाक हा एक स्ट्रक्ट आहे, आणि त्यातले घटक फंक्शनच्या व्याख्येत ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं यावेत. दोन भागांच्या मध्ये कुठेतरी नावानं ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पुन्हा रांगेत उभं केलं गेलं. दोन्ही विधानं शेजारी ठेवून ‘मग नक्की काय?’ असं विचारणाऱ्याला त्या कागदात समाधानकारक उत्तर मिळत नाही.

पुढे काय झालं ते भरभर सांगतो, कारण समित्यांचा इतिहास फारसा रंजक नसतो. मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा आला. त्यात ‘सीक्वेन्स’ होतं आणि ‘ऑल’ही होतं, म्हणजे ते गळलेलं तिसरं चिन्ह परत आलं. पण लंगडत: ‘ऑल’च्या आत एक घटक एकदाच येऊ शकतो, ‘ऑल’ दुसऱ्या रचनेच्या पोटात बसू शकत नाही, आणि ‘ऑल’ असलेल्या प्रकाराला पुढे वाढवता येत नाही. एका ग्राहकाचे दोन फोन नंबर हवेत? ‘ऑल’ बाद. २०१२च्या १.१ आवृत्तीत या अटी सैल झाल्या, पण तोवर साधनं ठरून गेली होती. सोपची ती पाचव्या भागातली पद्धतही मोठ्या कंपन्यांनी मिळून केलेल्या नियमावलीत बाद ठरली आणि सगळे स्कीमाकडे वळले. उरलं काय, तर सीक्वेन्स. जगभर लाखो सेवांच्या वर्णनफायलींत, ज्यांना आम्ही ‘विझडल’ म्हणतो, तो शब्द आपोआप छापला गेला. बहुतेक वेळा कुणीही विचार करून तो निवडलेला नव्हता. साधनानं लिहिला आणि राहिला.

*

२००६ साली मायक्रोसॉफ्टनं डॉट नेट ३.० बरोबर डब्ल्यूसीएफ आणलं. सेवा लिहिण्याचं हे साधन भारतातल्या आयटी कंपन्यांनी भरपूर वापरलं, आणि त्या सेवा अजून विमा, बँका, रुग्णालयं, सरकारी कामं यांच्यामागे चालू आहेत. त्यात एक प्रश्न होता: क्लासमधली फील्ड्स एक्सएमएलमध्ये कुठल्या क्रमानं लिहायची? डॉट नेटला स्वतःच्या क्लासमधली फील्ड्स विचारली तर ती अमुकच क्रमानं मिळतील अशी खात्री नसते. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलंय. मग त्यांनी असा क्रम निवडला जो कधी बदलणार नाही: इंग्रजी वर्णानुक्रम. प्रोग्रामरनं वेगळा क्रम सांगितला नाही तर ए आधी, झेड शेवटी.

वाचताना काय होतं ते शाळेतल्या हजेरीसारखं आहे. बाई पटावरून क्रमानं नावं घेत जातात. तुमचा नंबर पुढे निघून गेला आणि तुम्ही नंतर वर्गात आलात, तर बाई मागे वळत नाहीत. तुम्ही बाकावर बसलेले असता, गणवेश घातलेला असता, आणि पटावर गैरहजर. डब्ल्यूसीएफचा वाचकही यादीत पुढेच सरकतो. मागे राहिलेलं नाव नंतर आलं तर तो ते अनोळखी समजून ओलांडतो. चूक कळवत नाही. त्या फील्डमध्ये मग आकडा असेल तर शून्य आणि मजकूर असेल तर काहीच नाही, अशी किंमत राहते.

असा गप्प का बसतो? त्यालाही भलं कारण आहे. उद्या सेवेत नवीन फील्ड वाढलं, जुन्या प्रोग्रामला ते ओळखीचं नसलं, तर त्यानं कोसळू नये. अनोळखी गोष्टीकडे दुर्लक्ष कर आणि पुढे चल, हा समंजसपणा होता. फील्ड सक्तीचं आहे असं स्पष्ट लिहिलं तर तो तक्रार करतो, पण न लिहिल्यास सक्ती नाही. दोन समंजस निर्णय एकत्र आले आणि एक बिनआवाजाचा घोटाळा तयार झाला.

माझ्या कामात हा घोटाळा भेटला तो एका विमा कंपनीच्या सेवेत. आमच्याकडून ग्राहकाची माहिती जायची, त्यांच्याकडून पॉलिसी तयार होऊन यायची. कितीतरी वर्षं हे काम एका लांबलचक टेम्प्लेटवर चाललं होतं, सेवेच्या कागदपत्रातला नमुना उचलून केलेल्या. मी त्या प्रोजेक्टवर यायच्या थोडं आधी टेम्प्लेट जाऊन त्या जागी पायथनची डिक्शनरी आणि एक लायब्ररी आली होती. कोड निम्म्याहून लहान झाला. पॉलिसी बनत होत्या, प्रतिसादात ‘यशस्वी’ येत होतं. तक्रार आली ती भलतीच: ग्राहकांना एसएमएस येत नाहीत.

दोन दिवस सगळे एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीच्या मागे. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजूच्या एका शांत माणसानं फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे मोबाइल नंबरच रिकामा आहे. आमच्या नोंदीत तर नंबर ठळक दिसत होता. मग सोप-यूआय या साधनातून तीच माहिती पाठवली, तर नंबर पोचला. आमच्या कोडमधून पाठवली, तर नाही. अशा वेळी एकच काम उरतं: दोन्हीकडून तारेवर प्रत्यक्ष गेलेला मजकूर मिळवायचा, ओळी सारख्या मांडायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या. कोड वाचून हे सापडत नाही, कारण कोडमध्ये काही चुकलेलं नसतं.

सोप-यूआय आपला नमुना विझडलवरून बनवतं, त्यामुळे त्याचा क्रम असा: ॲड्रेस, सिटी, मोबाइल, नॉमिनी, पिनकोड. इंग्रजी वर्णानुक्रम. आमच्याकडचा क्रम: ॲड्रेस, सिटी, पिनकोड, मोबाइल, नॉमिनी. कुठलाही माणूस असाच लिहील. शहरानंतर पिन कोड येतो, हे आपण पोस्टकार्डावर शिकलेलो असतो. पण पलीकडचा वाचक पिनकोडपर्यंत पोचला की त्याची हजेरी संपली होती. मोबाइल आणि नॉमिनी दोन्ही बाकावर, दोन्ही गैरहजर.

मोबाइलची तक्रार आली कारण एसएमएस न आल्याचं माणसाला लगेच कळतं. नॉमिनीची तक्रार येणार नव्हती. नॉमिनीचा रकाना कुणी उघडून बघतं ते माणूस गेल्यावर, आणि तेव्हा तो बघणारी व्यक्ती बहुधा कागदपत्रं घेऊन खिडकीपुढे उभी असते. दुरुस्ती दोन ओळींची होती. मधल्या दिवसांत निघालेल्या पॉलिसींची यादी काढून प्रत्येकीत वारसाचं नाव परत भरायला मात्र दोन्हीकडच्या लोकांना आठवडा लागला. त्या सेवेच्या विझडलमध्ये सीक्वेन्स लिहिलेलं होतं. नियम कागदावर होता, तपासणारं दारावर कुणी नव्हतं. तेव्हापासून विनंती पाठवण्याआधी ती स्कीमाशी आमच्याच बाजूला ताडून बघतो. तिथे मात्र लगेच ओरडा होतो की मोबाइल या जागी अपेक्षित नाही.

*

यात डिक्शनरीची बाजूही ऐकायला हवी, कारण तिचा इतिहास कमी नाट्यमय नाही. प्रोग्रामिंग भाषांतल्या या नाव-किंमत जोड्यांच्या पेट्या आतून हॅश टेबल असतात. नावावर गणित करून जागा काढायची, तिथे किंमत ठेवायची. त्यामुळे परत वाचताना क्रम कसाही निघायचा, पण बऱ्याचदा दर वेळी तसाच. लोकांनी त्या ‘तसाच’वर घरं बांधली.

२००३ साली स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी दाखवलं की मुद्दाम एकाच जागेवर आदळणारी नावं पाठवली तर हॅश टेबल रांगतं. २०११च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर संमेलनात अलेक्झांडर क्लिंक आणि युलियन वेल्डे यांनी हाच हल्ला वेब सर्व्हरांवर करून दाखवला: फॉर्ममध्ये अशी हजारो फील्ड्स पाठवा, सर्व्हर मिनिटंच्या मिनिटं अडकतो. उपाय म्हणून भाषांनी त्या गणितात दर वेळी नवा यादृच्छिक आकडा मिसळायला सुरुवात केली. २०१२च्या पायथन ३.३ मध्ये हे आपोआप चालू झालं, २०१३च्या पर्ल ५.१८ मध्ये आणखी कडक. आणि जगभरचे प्रोग्राम, ज्यांना आपण क्रमावर विसंबून आहोत हे ठाऊकच नव्हतं, ते कधी चालू कधी बंद पडायला लागले.

यातून दोन भाषांनी उलट धडे घेतले. गूगलच्या गो भाषेनं ठरवलं की पेटी वाचताना सुरुवात मुद्दामच दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून करायची, म्हणजे कुणाला क्रमाची सवयच लागणार नाही. पायथननं उलट केलं. रेमंड हेटिंगरनं २०१२ साली पेटीची जागा वाचवणारी नवी रचना सुचवली होती, २०१६च्या ३.६ मध्ये ती आली, आणि तिचा एक दुष्परिणाम असा की ज्या क्रमानं घातलं त्याच क्रमानं बाहेर येतं. लोकांना ते इतकं आवडलं की गिडो व्हॅन रॉसमनं ते भाषेचं वचन करून टाकलं, २०१८च्या ३.७ पासून. मला गोचा खाष्टपणा जास्त पटतो. आमचा क्रम दर वेळी बदलला असता तर मोबाइल नंबर कधी पोचला असता, कधी नसता, आणि कुणाच्या तरी डोक्यात पहिल्याच दिवशी दिवा लागला असता. पायथननं तो इमानानं रोज तसाच चुकीचा पाठवला.

तुम्ही म्हणाल, आता सगळीकडे जेसन आहे, सोप कोण वापरतं. जेसनच्या मानकात ऑब्जेक्ट म्हणजे क्रम नसलेला संग्रह असं स्वच्छ लिहिलंय. पण क्रम मागच्या दारानं परत आलाय, आणि ते दार म्हणजे सही. पैशांच्या व्यवहारात पाठवलेल्या मजकुराचा एक हॅश काढून बरोबर जोडतात, म्हणजे वाटेत कुणी काही बदललं तर कळावं. हॅशला नावं कळत नाहीत, त्याला फक्त अक्षरांची लड कळते. एक स्वल्पविराम हलला तरी हॅश बदलतो. म्हणून अनेक पेमेंट गेटवे सांगतात की अमुक फील्ड, उभी रेघ, तमुक फील्ड, उभी रेघ, असं ठरलेल्या क्रमानं जोडा आणि रिकाम्या फील्डची रेघसुद्धा सोडू नका. ही सरळसरळ कोबोलची फाइल आहे. यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात जाणारे संदेश एक्सएमएलमध्ये असतात आणि त्यांवर डिजिटल सही असते. सहीआधी मजकूर एका ठरलेल्या साच्यात आणण्याचे नियम ॲट्रिब्यूट्सना वर्णानुक्रमे लावतात आणि टॅगांचा क्रम आहे तसाच ठेवतात. जेसनसाठी असा साचा सांगणारा कागद, आरएफसी ८७८५, यायला २०२० उजाडलं. त्यातही नावं क्रमानं लावायची असतात. क्रम नसलेल्या संग्रहाला सहीपुरतं रांगेत उभं करायचं.

आणि क्रमाचं हे प्रकरण यंत्रांनीच सुरू केलं असंही नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने, दिलेलं नाव आणि आडनाव, त्यात वडिलांनी कुठे बसायचं ते आपण ठरवायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींची एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी अशी नावं तयार झालीत ती याच रकान्यांमुळे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहायचं. निर्णय मला मनापासून आवडला. पण हेही दिसतं की पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने गृहीत धरून लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामांपुढे आता चार शब्द येणार आहेत, आणि त्यांतला दुसरा आईचा की वडिलांचा हे जन्मतारीख बघून ठरणार आहे. त्या मुलांची दहावी चाळीसच्या आसपास येईल. तोवर वेळ आहे.

गूगलनं २००१च्या सुमारास स्वतःपुरतं आणि २००८ साली सगळ्यांसाठी प्रोटोकॉल बफर्स आणलं, त्यात फील्डला नावही असतं आणि क्रमांकही. तारेवरून फक्त क्रमांक जातो. आलेली फील्ड्स कुठल्याही क्रमानं आली तरी वाचणाऱ्यानं ती घेतलीच पाहिजेत, असा नियम आहे. नाव उद्या बदललं तरी चालतं, क्रमांक बदलायचा नाही. आणि एखादं फील्ड काढून टाकलं तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. ‘राखीव’ असं लिहून ती जागा कायमची रिकामी ठेवायची. मी अशा फायली पाहिल्यात ज्यांत चौथं आणि नववं फील्ड कधी काय होतं हे आता कंपनीत कुणालाच सांगता येत नाही. जुन्या एखाद्या फोनमधलं ॲप ते अजून पाठवत असेल, म्हणून त्या दोन खुर्च्यांवर कुणी बसत नाही.